कोणात काही विशेष दिसले, तर ते त्याला सांगावे का?

गेजवाला

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका लहान मशीन शॉपमध्ये मी गेली सतरा वर्षे सुपरवायझर आहे. फाउंड्रीतून हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी येतात, आम्ही त्यांचे मिलिंग, ड्रिलिंग आणि टॅपिंग करून पुढे पाठवतो. मालक धरून बारा माणसे आहेत.

त्यांत एक एकवीस वर्षांचा हेल्पर आहे. खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्टीतला, मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे दहावी झालेला, रोज पहिल्या बसने येणारा आणि फारसे न बोलणारा. पंधरा दिवसांपूर्वी मी ड्रिलिंग मशीनजवळून जात असताना त्याने खिशातून खडू काढला आणि जमिनीवर चित्र काढून मला विचारले, "साहेब, बॉडी एकेक उताणी धरण्यापेक्षा दोन बॉडी पाठीला पाठ लावून धरल्या आणि मधून एकच बोल्ट आवळला तर?" मी "बघू" म्हणालो आणि चहाला निघून गेलो. परत आलो तेव्हा त्या चित्रावरून कूलंटचा ओघळ गेला होता, तरी दोन चौकोन आणि मधली रेघ अजून दिसत होती. संध्याकाळी घड्याळ लावून पाहिले, तर एका नगामागे लागणाऱ्या साडेतीन मिनिटांपैकी सव्वा मिनिट केवळ बांधण्यात आणि सोडण्यात जात होते. इतकी वर्षे नग पकडून ठेवणारे ते फिक्श्चर माझ्या डोळ्यांसमोर आहे, पण मला हे कधी सुचले नाही.

या मुलाला टूल डिझाइनची, म्हणजे अशी साधने आखण्याची जाण आहे, असे मला वाटते. प्रश्न असा, की हे त्याला सांगावे का? मालकांपाशी विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "डोक्यावर चढवू नका." त्यांचे सोडा, पण माझ्याच मनात एक अडी आहे. आमच्या थोरल्या काकांनी मी लहान असताना भर पंगतीत "हा घराण्यातला पहिला इंजिनियर" असे जाहीर केले होते. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी मला शिक्षण सोडावे लागले. काका जाऊन नऊ वर्षे झाली, पण दर दिवाळीला कोणी ना कोणी त्यांचे ते वाक्य माझ्यासमोर काढतेच. माझे एखादे वाक्य त्या मुलाच्या मागे असे लागू नये, एवढीच इच्छा आहे.

खानापूरकरीण

यात विचारण्यासारखे काय आहे? उद्या सकाळी सांगा. आमच्या तालुक्यातल्या मुलांना "बघू" ऐकायची इतकी सवय झालेली असते, की त्याचा अर्थ ती "नाही" असाच घेतात.

कुंदाप्रेमी

आमच्या मामांनी मी पाचवीत असताना "हा मंत्री होणार" असे सांगून ठेवले होते. सध्या मी आमच्या अपार्टमेंटच्या पाणी समितीचा चिटणीस आहे आणि टँकर उशिरा आला, की लोक मला मंत्र्याला मिळतात त्याच शिव्या देतात. मामांचे भाकीत अगदीच चुकले, असे म्हणता येणार नाही.

निवृत्त_मास्तर

गेजवाला, तुमच्या काकांच्या जागी मी स्वतः उभा राहिलेलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सीमाभागातल्या मराठी शाळांत मी एकतीस वर्षे गणित शिकवले. एका वर्षी दहावीच्या वर्गात एक विलक्षण मुलगा होता. भूमितीतील प्रमेय मी फळ्यावर अर्धे लिहिले असतानाच तो उरलेले अर्धे वहीत पूर्ण करून मान वर करायचा. निरोप समारंभात, संपूर्ण शाळेसमोर आणि त्याच्या वडिलांना व्यासपीठावर बोलावून, मी म्हणालो की हा मुलगा शाळेचे नाव राज्यात नेईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले. मलाही त्या दिवशी फार बरे वाटले होते, हे आता कबूल करतो.

पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला त्याने सायन्स घेतले. दहा वर्षे मराठीत गणित शिकलेल्या त्या मुलापुढे एकाएकी सगळे इंग्रजीत आले आणि आजूबाजूची मुले आपसांत कन्नडमध्ये बोलणारी. त्याला "लंब" ठाऊक होता, "परपेंडिक्युलर" ठाऊक नव्हते, आणि हात वर करून विचारण्याची सोय मी ठेवली नव्हती, कारण तो राज्यात नाव काढणारा मुलगा होता. पहिल्याच वर्षी तो गणितात नापास झाला. पुढे त्याने दुकान काढले आणि ते उत्तम चालते. मात्र खडे बाजारात मी समोरून येताना दिसलो, की तो आजही रस्ता ओलांडून पलीकडे जातो.

मी जे पाहिले होते ते खोटे नव्हते. परंतु ते मी चारशे माणसांना सांगितले आणि त्याला एकट्याला बसवून, पुढच्या जूनमध्ये नेमके काय अवघड जाणार आहे, हे सांगितले नाही. माझ्या कौतुकात एक पारिभाषिक शब्दांची वही जरी असती, तरी त्याचे काही भले झाले असते.

मलप्रभाकाठ

मास्तर, वाचून गलबलून आले. एकदा तुम्हीच रस्ता ओलांडून पाहा.

निवृत्त_मास्तर

@मलप्रभाकाठ, दोनदा प्रयत्न केला. दुकानात गिऱ्हाईक म्हणून गेलो, तर त्याने पैसे घेतले नाहीत आणि मान वर करून पाहिलेही नाही. तिसऱ्यांदा जाण्याचा धीर होत नाही.

वाचनवेडा

या विषयावर झालेले दोन जुने प्रयोग इथे उपयोगी पडतील. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लिनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावे दिली आणि चाचणीनुसार ही मुले या वर्षी झपाट्याने पुढे जाणार आहेत, असे सांगितले. प्रत्यक्षात ती नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. वर्षाअखेर त्या मुलांची, विशेषतः पहिली-दुसरीतल्यांची, बुद्धिमापनातील वाढ इतरांपेक्षा अधिक दिसली. १९६८ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि त्यावर वादही पुष्कळ झाला. पुढे १९८४ मध्ये स्टीफन राउडेनबुश यांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यात असे दिसले, की शिक्षक मुलांना आधीपासून दोन आठवड्यांहून अधिक ओळखत असतील, तर हा परिणाम जवळजवळ उरत नाही. ज्याला आपण रोज पाहतो, त्याच्याविषयीचे आपले मत बाहेरून आलेल्या यादीने सहजी बदलत नाही.

गेजवाला यांच्या दृष्टीने मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या शाळेत मुलांना कोणी काहीच सांगितले नव्हते, सांगितले होते ते शिक्षकांना. बदल झाला असेल तर तो शिक्षकांच्या वागण्यातून झाला असणार: कोणाला प्रश्न विचारायचा, उत्तरासाठी किती वेळ थांबायचे, चूक झाली तर पुन्हा संधी द्यायची की पुढच्या मुलाकडे वळायचे.

दुसरा प्रयोग क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांचा, १९९८ मधला. पाचवीतल्या मुलांनी कोडी सोडवल्यावर काहींना "तू हुशार आहेस" आणि काहींना "तू चांगली मेहनत घेतलीस" असे म्हटले गेले. हुशार म्हटलेल्या मुलांचा कल पुढे सोपे काम निवडण्याकडे राहिला आणि मध्ये एक अवघड फेरी देऊन अपयश चाखवल्यावर त्यांची कामगिरी घसरली. मास्तरांच्या त्या विद्यार्थ्याने हात वर केला नाही, तेव्हा त्याच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना यावरून येते.

जॉबवर्क_मालक

मीही याच उद्योगात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मोठ्या मनाच्या गोष्टी लिहायला सोप्या असतात. मी एका पोराला सीएनसीचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचे प्रोग्रामिंग शिकवले, "तुझा हात चांगला आहे" असे चार वेळा म्हणालो आणि पाचव्या महिन्यात तो समोरच्याच गल्लीत दोन हजार रुपये जास्त घेऊन रुजू झाला. गेजवालांचे मालक बोलले ते कठोर असेल, परंतु त्यामागे त्यांनीही असा एखादा अनुभव घेतलेला असणार.

खानापूरकरीण

@जॉबवर्क_मालक, साहेब, चार वेळा बोलण्याऐवजी एकदा पगार दोन हजारांनी वाढवला असता, तर तो समोरच्या गल्लीत कशाला गेला असता?

कुंदाप्रेमी

पाठीवर थाप आणि खिशाला चाप.

जॉबवर्क_मालक

पंधराशे वाढवले असते. दोन हजार परवडले नसते. पण ते पंधराशे मी त्या वेळी बोलून दाखवले नाहीत, हे मात्र खरे आहे.

बिडीवालीची_लेक

मी मूळची निपाणीची. आई बिड्या वळायची. बिडीचे काम ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते, दिवसभर वळलेला माल संध्याकाळी सुपात घेऊन जायचा, तिथला तपासणारा त्यातल्या त्याला न पटलेल्या बिड्या छाट म्हणून बाजूला काढायचा आणि उरलेल्यांचीच मजुरी धरली जायची. सातवीत असताना मी आईबरोबर जाऊन छाट किती निघाली ते पाटीच्या मागे लिहून ठेवत असे. एकदा शनिवारी मी आईला म्हणाले, की आठवड्याची छाट यांनी दोनदा कापली आहे. आई घाबरून "गप बस" म्हणाली. शेजारी बसलेल्या एका वयस्कर बाईंनी मात्र माझी पाटी मागून घेतली, पाहिली आणि आपले कार्ड माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "माझंबी बघ गं जरा."

त्यांनी मला हुशार म्हटले नाही. पुढच्या शनिवारी आमच्या ओट्यावर सहा बायका आपापली कार्डे घेऊन बसल्या होत्या. आज मी एका पतसंस्थेत लेखापाल आहे. शाळेत मला पुष्कळ शिक्षकांनी शाबासकी दिली असेल, पण त्यांतले एकही वाक्य आठवत नाही. त्या कार्डाला येणारा तंबाखूचा वास आठवतो.

तालीमकर

बिडीवालीची_लेक, तुमच्या त्या बाई आमच्या वस्तादांच्याच पंथातल्या. तालमीत वस्ताद तोंडाने कधी "तू चांगला आहेस" म्हणत नाहीत. एके दिवशी तुमच्यापेक्षा दहा किलोने जड असलेल्या पैलवानाकडे बोट दाखवून "याच्याशी धर" म्हणतात. ज्याला समजायचे, त्याला त्यातून समजते.

आता खाशाबा जाधवांचे उदाहरण घ्या. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले, तेही मॅटवरच्या कुस्तीचा सराव नसताना. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. "तुझ्यात पदकाची ताकद आहे" हे वाक्य प्राचार्यांनी उच्चारले होते की नाही, याने काही फरक पडतो का?

वाचनवेडा

फरक पडतो, असे मला वाटते. घर गहाण टाकणारे विरळा असतात. आपल्यासारख्यांजवळ बहुतेक वेळा वाक्याशिवाय द्यायला काही नसते, म्हणून ते वाक्य तरी नीट असावे.

जाता जाता आपल्याच भागातले एक उदाहरण देतो. कुमार गंधर्वांचा जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा, मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. बालवयातच गाणे ऐकून एका लिंगायत स्वामींनी त्यांना "कुमार गंधर्व" ही पदवी दिली. एवढ्याशा मुलाला थेट गंधर्व म्हणणे, म्हणजे मास्तरांच्या निरोप समारंभाहूनही मोठे धाडस नव्हे काय? तरी ती पदवी त्यांच्या अंगाला शोभली.

मलप्रभाकाठ

त्याच १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले होते आणि स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत गंगूबाई हनगल होत्या. गाव लहान असले तरी त्या वर्षी स्वरांचे पीक बरे आलेले दिसते.

शहापूरची_सून

कुमारांच्या गोष्टीतला मधला भाग राहिला. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत आणि लोक त्या नकलेवर खूश होत. मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे रीतसर तालीम झाली. पुढे क्षयाने आजारी पडून ते देवासला गेले, कित्येक वर्षे गाणे बंद राहिले आणि त्यानंतर जे गाणे बाहेर आले ते सर्वस्वी त्यांचे स्वतःचे होते. म्हणजे लोकांना लहानपणी जे दिसले होते, त्याहून ते वेगळेच निघाले. दुसऱ्यात आपल्याला काय दिसते, याविषयी आपण फार खात्री बाळगू नये, ती यासाठीच.

माझी स्वतःची तक्रारही यातच सांगून टाकते. माझा आवाज बरा आहे. माहेरी माझ्या आत्याबाईंनी तो "दैवी" ठरवला आणि बारशापासून डोहाळजेवणापर्यंत प्रत्येक समारंभात मला उभे करून गायला लावले. मला गायचे नव्हते. मला हातमागावरच्या साड्यांची नक्षी आवडायची. शाळेतून येताना विणकरांच्या घरापाशी थांबून मी खटक्याचा आवाज ऐकत उभी राहायची, तेव्हा त्याच आत्याबाई "गळ्याची देणगी वाया घालवतेस" म्हणून रागवायच्या. आज मी साड्यांचा व्यवसाय करते आणि फक्त स्वयंपाकघरात गाते. समोरच्यात जे दिसते ते त्याला हवेही आहे का, हे कोणीतरी आधी विचारावे. गेजवाला, त्या मुलाला टूल डिझाइन हवे आहे का? कदाचित त्याला गावी परत जाऊन काजूची बाग करायची असेल.

व्यवस्थापक

चर्चा उत्तम चालली आहे. संगीतावर स्वतंत्र धागा आहे, कृपया इथे मूळ प्रश्नाला धरून लिहावे.

गेजवाला

सर्वांचे मनापासून आभार. शहापूरची_सून, तुमचा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता, हे वाचून ओशाळलो. त्याला काय हवे आहे, हे मला ठाऊक नाही. दोन वर्षांत मी त्याला "नग किती झाले?" याशिवाय फारसे काही विचारलेले नाही.

मास्तर, तुमच्या लिखाणातले "एकट्याला बसवून" हे शब्द लक्षात ठेवले आहेत.

आयटीआयवाला

उशिरा येतो आहे, पण काही व्यवहाराचे सांगतो. त्या मुलाला खरोखर इच्छा असेल, तर बेळगावातच सरकारी टूल रूमचे, म्हणजे जीटीटीसीचे प्रशिक्षण केंद्र आहे. टूल अँड डाय मेकिंगच्या, म्हणजे हत्यारे आणि साचे बनवण्याच्या डिप्लोमाला एसएसएलसीवर प्रवेश मिळतो. नोकरी सोडणे शक्य नसेल, तर कॅडचे (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढण्याचे) किंवा सीएनसीचे अल्पमुदतीचे वर्गही असतात. शिकवणे बहुतांशी इंग्रजी-कन्नडमध्ये चालते, ही अडचण खरी आहे. परंतु गणिताच्या पुस्तकापेक्षा ड्रॉइंग या बाबतीत दयाळू असते. ड्रॉइंग मांडण्याच्या दोन पद्धतींपैकी फर्स्ट अँगल कोणता आणि थर्ड अँगल कोणता हे एकदा कळले, की रेघेला भाषा नसते.

आणखी एक. "तुझ्यात टूल डिझाइनची जाण आहे" असे म्हणू नका. त्या वाक्याचे तो काय करणार? त्याऐवजी तुम्ही जे मोजले ते सांगा, की बांधण्या-सोडण्यात सव्वा मिनिट जात होते आणि तुझ्या चित्राप्रमाणे केले तर ते निम्म्यावर येईल. ते त्याचे त्याला पडताळून पाहता येते. पटले नाही तर तो वादही घालू शकतो.

निवृत्त_मास्तर

@आयटीआयवाला, हे तीस वर्षांपूर्वी मला कोणी सांगायला हवे होते.

कुंदाप्रेमी

माझ्या मामांनाही सांगायला हवे होते. निदान मंत्रिपदाचे खाते तरी कळले असते.

गेजवाला

आठ दिवसांनी लिहितो आहे.

शनिवारी सुट्टी झाल्यावर त्याला थांबवून घेतले. मशीनपाशीच दोन स्टुले ओढून बसलो. प्रथम मी त्याला सांगितले की त्या दिवशी "बघू" म्हणून मी निघून गेलो ते चुकले, कारण मी नंतर खरोखरच पाहिले होते. मग घड्याळाचे आकडे सांगितले. तो ऐकत राहिला. मोठ्या उत्साहाने मी म्हणालो, "हे सगळ्यांना सुचत नाही." त्यावर त्याने एवढेच म्हटले, "मग लोखंड द्या की, करून बघूया."

स्क्रॅपमधून एक जाड पट्टी काढली. सोमवार आणि मंगळवार काम संपल्यावर आम्ही दोघांनी फिक्श्चर बनवले. पहिल्याच नगाला भोक मिलिमीटरच्या आठ शतांशाने सरकले, कारण कास्टिंगची पाठ खडबडीत असते आणि पाठीला पाठ लावली, की एका बॉडीचा दोष दुसरीत उतरतो. मला वाटले की तो खचेल. तो कानस घेऊन खाली बसला आणि मधल्या पट्टीला दोन्ही बाजूंनी तीन-तीन टेकू ठेवले तर पाठी एकमेकींना लागणारच नाहीत, असे म्हणाला. गुरुवारपासून त्यावर माल निघतो आहे. दोन नगांमागे मिळून एका मिनिटाहून थोडा जास्त वेळ वाचतो. मालकांनी पाहिले, काही बोलले नाहीत, पण शुक्रवारी मला विचारले, "त्याला सध्या किती देतो आपण?" मी आकडा सांगितला आणि जॉबवर्क_मालक यांचे पंधराशेही सांगितले.

शहापूरची_सून यांचा प्रश्न मी त्याला विचारला. काजूची बाग त्याच्या भावाकडे आहे. तुला पुढे काय करायचे आहे, यावर तो म्हणाला, "अजून ठरवलं नाही." मी जीटीटीसीचे नाव काढले, पण तो विषय तिथेच सोडून दिला.

काल त्या फिक्श्चरचे ड्रॉइंग कॉम्प्युटरवर रीतसर काढले. उजव्या कोपऱ्यात कोणी आखले, कोणी तपासले असे रकाने असतात. तपासणाऱ्यात माझे नाव घातले आणि आखणाऱ्यात त्याचे. प्रिंट त्याच्या हातात दिली. त्याने ती बराच वेळ पाहिली, टेकूंची मापे बोट लावून वाचली आणि मग कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, माझं आडनाव आधारवर कन्नड धाटणीनं लागलंय, शेवटी एक अक्षर जास्ती आहे. तसंच घाला. नाहीतर पुढं फॉर्म भरताना अडचण येईल."